बर्फाच्या नांगरामागं

"त्याच्या पाठीवर काय लिहिलंय गं?" आप्पांनी विचारलं.

आमच्या पुढं नारिंगी रंगाचा एक अवाढव्य ट्रक चालला होता. त्याच्या नाकाशी माणसाच्या छातीइतकं उंच पोलादी पातं होतं आणि ते रस्त्यावरचा बर्फ खरवडून उजव्या हाताला उडवत होतं. मागं नुसता पांढरा धुरळा. त्या धुरळ्यात मधूनच त्याचे पिवळे दिवे दिसत आणि मागच्या फळ्यावरची अक्षरं दिसत.

"'मागे राहा,'" मी वाचून सांगितलं. "'बर्फाच्या ढगात शिरू नका.'"

"ब्येस लिवलंय. आपल्याकडं 'हॉर्न प्लीज' लिवत्यात, आन वाजीवला की शिव्या देत्यात."

एरवी मी हसले असते. पण गाडीच्या घड्याळात अकरा एक्कावन्न झाले होते, घर अजून बारा मैल लांब होतं आणि सव्वाबाराला माझी सात वर्षांची पोरगी बंद दारासमोर उतरणार होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे, धोंडिराम मोहिते. पाटण डेपोचे एसटी ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते दर दोन दिवसांनी ऐकवत. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अमेरिकेला येताना बॅगेत घालून आणला होता आणि विमानतळावर तपासणी करणाऱ्या माणसाला काढून दाखवलाही होता. सासूबाई गेल्याला वर्ष झालं होतं. एकटे राहतात म्हणून हेमंतनं, माझ्या नवऱ्यानं, त्यांना पाच महिन्यांसाठी आमच्याकडं मिनेसोटात आणलं. म्हातारा माणूस आणायचा तर उन्हाळ्यात आणावा, एवढी अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती. नोव्हेंबरात आले आणि तेव्हापासून खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. मंगळवार होता. हेमंत कामासाठी टेक्ससला. आप्पांचं जेवण पावावर चाललं होतं आणि ते तक्रार करत नव्हते, हेच मला बघवेना. चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात देशी दुकान होतं, तिथं ज्वारीचं पीठ मिळायचं. मी सुट्टी टाकली, गार्गीला शाळेच्या बसमध्ये बसवलं आणि आप्पांना घेऊन निघाले. बर्फ चारनंतर पडणार असं सगळे सांगत होते. तो साडेदहाला पडायला लागला.

दुकानात मी पिठाची पिशवी उचलते आहे, तोच फोन वाजला. शाळेचा ध्वनिमुद्रित निरोप होता: वादळ लवकर आलंय, शाळा साडेअकराला सुटेल, मुलांना बसनं घरी सोडण्यात येईल. रोज गार्गी शाळेनंतर तिथल्याच पाळणाघरात थांबायची. तेही त्या दिवशी बंद. म्हणजे बस तिला सव्वाबाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवणार आणि ती चालत दारापर्यंत येणार. घरात कुणी नाही. बाहेर उणे तेवीस.

शाळेचा फोन लागेना. शेजारची लिंडा थंडी चुकवायला फ्लोरिडाला गेलेली. हेमंतचा फोन बंद. आमच्या गॅरेजच्या दाराला आकडे दाबून उघडायची एक डबी होती आणि गार्गीला ते आकडे पाठ होते, पण त्या डबीची बॅटरी आठवडाभर मेलेली होती. हेमंत ती बदलणार होता.

मी पीठ तिथंच टाकलं आणि आप्पांना हाताला धरून बाहेर काढलं. दुकानाच्या दारात त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीकडं किल्ली?"

"नाही."

मग ते गाडीत बसले, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून रस्त्याकडं बघायला लागले. गाडीत शेजारी बसलं की ते असेच बसत, ड्यूटीवर असल्यासारखे.

पहिले अठ्ठावीस मैल आम्ही जवळजवळ तासाभरात कापले. मग हा नांगर आडवा आला. 'प्लाऊ' म्हणजे नांगर, हे मी आप्पांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. "नांगराला पंचवीस मैलाचा स्पीड. बैलं पळत्यात की," असं म्हणाले होते. आता मात्र तोच पंचवीसचा वेग मला खायला उठला होता. बारा मैलांना पंचवीसच्या वेगानं एकोणतीस मिनिटं. मी तो हिशेब डोक्यात चारदा केला आणि चारही वेळा उत्तर बारा वीस आलं.

"पाच मिन्टं," आप्पा म्हणाले. त्यांनीही तोच हिशेब केला होता. "पाच मिन्टं उशीर हुईल. अंगात स्वेटर, वर कोट हाय पोरीच्या. पाच मिन्टात काय हुत न्हाई."

"आप्पा, उणे तेवीस आहे."

"म्हाईत हाय. सकाळी कचरा टाकाय गेलतो तवा मिशा गोठल्या माझ्या."

"तुम्ही मोठे आहात. ती सात वर्षांची आहे. ती घाबरेल. ती आम्हाला शोधायला रस्त्यावर आली तर?"

रस्ता जायचा दुपदरी आणि यायचा दुपदरी, मधे खोलगट गवताचा पट्टा, तो बर्फानं भरलेला. नांगर उजव्या पदरात होता. डावा पदर साफ केलेला नव्हता, तिथं गुडघाभर नाही तरी घोटाभर बर्फ होता. तिकडून पुढं जायची हिंमत मला होईना. डिसेंबरात मी घरासमोरच्या पत्रपेटीला गाडी घासली होती आणि तेव्हापासून हेमंत म्हणत होता, बर्फात तू गाडी काढत जाऊ नकोस. प्रेमानं म्हणायचा, पण आप्पांच्या समोर म्हणायचा.

"अंतर ठेव," आप्पा म्हणाले. "लई चिकटलीस."

मी थोडी मागं आले. चार मिनिटं गेली. माझ्या मागच्या दोन गाड्या निमूट चालल्या होत्या. त्यांच्या पोरी बहुतेक घरात होत्या.

अकरा पंचावन्नला नांगराचा डावा दिवा लुकलुकायला लागला आणि तो सावकाश डावीकडं सरकला. पुरता डाव्या पदरात गेला. उजवा पदर आमच्यासमोर मोकळा झाला.

"साईड देतोय," मी म्हणाले.

आता हे नीट सांगायला हवं, कारण यात माझी सगळी चूक आहे. मी गाडी शिकले सांगलीत, मामाच्या मारुतीवर. आपल्याकडं पुढचा ट्रक डावा दिवा दाखवून डावीकडं दबला की त्याचा अर्थ एकच: ये बाबा, जा पुढं. हे कुठल्या पुस्तकात नसतं, पण पोरंसोरं जाणतात. इथं मी सहा वर्षं गाडी चालवत होते. परवान्याच्या परीक्षेत एकही उत्तर चुकलं नव्हतं. त्या पुस्तकात चक्क चित्र होतं: नांगराला उजव्या कुशीला आणखी एक पातं असतं, पंखासारखं बाहेर काढलेलं, ते धुरळ्यात दिसत नाही, म्हणून उजवीकडून कधीही पुढं जाऊ नका. मी ते चित्र पाठ केलं होतं. इथं सावकाश जाणारे उजवीकडून जातात आणि डावीकडं जाणारा कुणाला वाट देत नसतो, हेही मला ठाऊक होतं. पण त्या घटकेला माझ्या डोळ्यांनी सांगलीचा रस्ता बघितला.

"साईड न्हाई दिली त्यानं," आप्पा म्हणाले.

"डावा दिवा दिलाय की. सरकला पण."

"त्येचं काम असंल तिकडं. धुरळा बघ."

"काय धुरळ्याचं?"

"नांगर डावीकडं ग्येला. मग धुरळा उजवीकडं का उडतूय अजून? उजव्या अंगाला कायतरी रस्त्याला लागतंय त्येचं. आत काय हाय, दिसत न्हाई. थांब."

"रस्ता मोकळा दिसतोय मला, आप्पा."

"रस्ता न्हाई दिसत तुला. धुरळा दिसतूय. न दिसणाऱ्यात गाडी घालू ने."

मी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. तेव्हा जे बोलले, ते आठवलं की आजही कान तापतात. "हा कुंभार्ली घाट नाही. इथले नियम मला माहीत आहेत. तुम्ही जरा शांत बसा."

ते शांत बसले. मला नंतर कळलं ते असं की डेपोत एक रीत होती. ज्याच्या हातात चाक, त्याचा शब्द शेवटचा. शेजारी बसलेला ड्रायव्हर कितीही जुना असो, त्यानं दोनदा सांगायचं. तिसऱ्यांदा बोलायचं नाही, कारण तिसऱ्यांदा बोललं की चालवणाऱ्याचं चित्त रस्त्यावरून उडतं. आप्पांनी दोनदा सांगून झालं होतं. त्यांनी फक्त वरचं हँडल धरलं.

मी पेडल दाबलं.

उजव्या पदरात शिरल्यावर चार-पाच सेकंद सगळं ठीक होतं. नांगराची मागची चाकं माझ्या डाव्या खिडकीत आली. मग धुरळा काचेवर आदळला आणि जग पुसलं गेलं. पांढरं, नुसतं पांढरं. वायपर फिरत होते आणि काही पुसत नव्हते. पोलाद रस्त्यावर घासल्याचा आवाज अगदी जवळून येत होता. डावीकडून यायला हवा तो आवाज समोरून येत होता. त्या पांढऱ्यात माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एक छोटा हिरवा दिवा लुकलुकला आणि त्याच्या खाली पात्याची काळी कड दिसली. माझ्या दिव्यांपासून दोन हातांवर.

मी चाक उजवीकडं ओढलं आणि ब्रेकवर उभी राहिले.

"ब्रेक न्हाई. पाय उचल." आप्पांचा आवाज चढला नव्हता. वर्गात मास्तर आकडे सांगतात तसा तो आला. "उचल पाय. हां. चाक सोड थोडं. जाऊ दे तिला जिकडं जात्या तिकडं. वढू नगो."

मी पाय उचलला. पात्यानं आमचा डावा दिवा नेला, आरसा नेला आणि दाराचा पत्रा असा फाडला की त्याचा आवाज मला पुढं कित्येक महिने झोपेत ऐकू यायचा. गाडी अर्धी फिरली. बाजूला उतार होता. आम्ही तिरके घसरत खाली गेलो, बर्फाच्या ढिगात नाक खुपसलं आणि थांबलो. गाडी उलटली नाही. मी ब्रेक दाबून ठेवला असता तर उलटली असती, किंवा तिथंच अडकून पात्याखाली आली असती. हे मला त्या नांगरवाल्यानं सांगितलं.

"लागलं का?" आप्पांनी विचारलं. त्यांचा चष्मा तुटला होता आणि भुवईतून रक्त येत होतं.

"गार्गी," मी म्हणाले. "आप्पा, गार्गी."

घड्याळात अकरा सत्तावन्न झाले होते.

नांगरवाला पुढं थांबला आणि फावडं घेऊन उतार उतरत आला. लाल दाढीचा, धिप्पाड, पन्नाशीचा माणूस. डेल नाव त्याचं. आमच्याशी एक शब्द बोलण्याआधी त्यानं गाडीच्या मागं जाऊन धुराच्या नळीवरचा बर्फ उपसला, नाही तर तो धूर आत कोंडला असता. मग माझ्या खिडकीशी आला.

"मी कुणालाच वाट देत नसतो, बाई," तो म्हणाला. "पुढं डाव्या पदरात एक गाडी बंद पडलीय, तिच्या अलीकडचा बर्फ काढायला गेलो. लोकांना वाटतं मी वाट देतोय. मागच्या वर्षी असाच एक जण..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "कुणाला लागलंय का?"

"माझी मुलगी," मी म्हणाले. तो मागच्या सीटवर वाकून बघायला लागला. मग मी त्याला घर, बस, सव्वाबारा, गॅरेज, सगळं एका दमात सांगितलं. काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं मात्र फक्त पत्ता दोनदा विचारला आणि तो ट्रककडं पळाला. त्याच्याकडं वायरलेस होता. ज्याला मागं टाकायला मी निघाले होते, त्याच्याच एका वाक्यात माझ्या घराकडं पोलीस निघणार होता.

पण पोलिसांच्या गाड्याही त्याच बर्फातून जाणार होत्या, आणि त्या दिवशी रस्तोरस्ती गाड्या घसरल्या होत्या.

बारा पाच. बारा दहा. डेलनं आम्हाला वर नेलं, आपल्या ट्रकच्या उबेत बसवलं. आप्पांनी भुवईला रुमाल दाबून धरला होता. बारा पंधरा झाले तेव्हा मी डेलच्या त्या वायरलेसकडं बघत राहिले. बारा वीस. नांगरामागं राहिले असते तर या मिनिटाला मी घराच्या वळणावर असते. बारा तीस. वायरलेसवर दुसऱ्यांच्या अपघातांची गावं येत होती. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता, त्यानंतर हा पहिलाच. बारा अडतीसला एका बाईचा आवाज आला आणि डेलनं माझ्याकडं वळून अंगठा वर केला.

गार्गी दारात सापडली होती. दाराला बाहेरून काचेचं दुसरं दार असतं, त्या दोन दारांच्या फटीत ती पाठ लावून उभी होती. आधी तिनं हातमोजा काढून गॅरेजची डबी दाबली होती. पुन्हा पुन्हा दाबली होती, कारण आईनं सांगितलं होतं की आकडे बरोबर दाबले की दार उघडतं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती. डॉक्टर म्हणाले, फोड येतील, पण बोटं वाचतील. वाचली.

हे सगळं कळेपर्यंत पोलीस आमच्याजवळही आला होता. त्यानं माझ्या नावानं दंडाची पावती फाडली आणि आम्हाला आपल्या गाडीत मागं बसवून घराकडं घेतलं. वाटेत माझा फोन वाजायला लागला. हेमंत. पडद्यावर त्याचे सहा चुकलेले फोन दिसत होते.

"आप्पा, मी याला काय सांगू?"

"मी म्हणालो म्हणून सांग. आप्पांनी घाल म्हणून सांगितलं."

"तुम्ही नको म्हणाला होता."

"दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो असतो तर थांबली असतीस तू. मंग?"

"मी हे नाही सांगणार. खोटं आहे."

"ऐक, पोरी." ते माझ्याकडं वळले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसत होते. "डेपोत मी आयुष्य काढलंय. ड्रायव्हरनं गाडी ठोकली की त्येला घरी बशिवत्यात. म्हैनाभर. त्या म्हैन्यात लोकं त्येच्या हातातलं चाक काढून घेत्यात, बायकू घेत्या, भाऊ घेतूय. मंग तो परत बसला तरी हात कापत्यात त्येचं. हेमंत आदीच तुला गाडी काढू नगो म्हणतूय. म्हैन्यातलं पंधरा दिस तो भायेर. ह्या गावात ना एसटी, ना रिक्षा. उद्या पोरीला दवाखान्यात कोण न्येणार? शाळंतनं कोण आणणार? मला काय, एप्रिलात जायाचं घरी. माझी गाडी कवाच डेपोत लागली."

फोन वाजत राहिला. मी उचलेना, तेव्हा त्यांनीच माझ्या हातातून घेतला.

"हेमंता, पोरगी ब्येस हाय," ते म्हणाले. "गाडी गेली. सूनबाईचा दोष न्हाई. मी म्हणालो, साईड दिलीया त्यानं, काढ पुढं."

मी शेजारी बसले होते. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला हेमंतच्या गाडीची किल्ली आणून दिली. गार्गीच्या बोटांचं ड्रेसिंग बदलायचं होतं. मी म्हणाले, टॅक्सी बोलावू. ते कोट घालून गाडीत जाऊन बसले आणि बसूनच राहिले. शेवटी मी चाकावर बसले. हात खरंच कापत होते. मोठ्या रस्त्याला लागलो, तर पुढं नांगर. दवाखान्यापर्यंत सहा मैल आम्ही त्याच्या मागं गेलो, मधे दहा गाड्या मावतील इतकं अंतर ठेवून. आप्पा गार्गीला कुंभार्ली घाटातल्या माकडांच्या गोष्टी सांगत होते. माझ्याशी ते वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

हेमंत संध्याकाळी आला. गार्गीला जवळ घेऊन बराच वेळ बसला, मग स्वयंपाकघरात आला. आप्पा टेबलाशी होते.

"ही तुमची एसटी नाही, आप्पा," तो म्हणाला. "इथं तुमच्या अंदाजावर कुणी गाडी चालवत नाही. तुम्हाला इथलं काय कळतं? माझी पोरगी गोठून मेली असती. कळतंय का तुम्हाला, मेली असती."

आप्पा उभे राहिले. साहेबासमोर उभा राहावा तसे, हात पुढं बांधून. "चुकलं माझं," म्हणाले.

"तुमच्या त्या एकतीस वर्षांचा इथं काही उपयोग नाही."

"न्हाई."

"हेमंत," मी तोंड उघडलं.

"सूनबाई, च्या टाक," आप्पा म्हणाले. मान न वळवता.

आणि मी चहा टाकला. मी वळले, पाणी मोजलं, आलं किसलं, साखर घातली, आणि माझ्या पाठीमागं नवरा त्याच्या बापाला बोलत राहिला. मला भीती वाटत होती, हे खरं. उद्यापासून किल्ली मिळणार नाही ही भीती होती, आणि त्याहून मोठी भीती अशी की हेमंत ते सगळं मला बोलेल. आप्पांना ते कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं.

आप्पाच म्हणाले, तिकीट अलीकडचं बघ, मला इथली थंडी सोसत नाही. हेमंतनं नको म्हटलं नाही. नवव्या दिवशी ते गेले. विमानतळावर मी पाया पडले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "घरी जाताना गाडी कोन चालीवणार?"

"मी," म्हटलं.

"मंग झालं."

गावात ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती. हेमंतनं रागाच्या भरात चुलतभावाला सांगितलं, चुलतभावानं स्टँडवर सांगितलं. आम्ही दोन वर्षांनी गेलो तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. डेपोतला एक जुना कंडक्टर मजेत म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, अमेरिकंत ठोकलीसा म्हणं." आप्पा म्हणाले, "व्हय. बर्फ हुता." बिल्ल्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून परत कधी ऐकली नाही. मी दर वेळी ठरवायची, आज सांगते. आणि दर वेळी असं वाटायचं की इतकी वर्षं गप्प राहिल्याबद्दल काय सांगायचं, ते आधी ठरवायला हवं.

त्या अपघातानंतर सहा वर्षांनी आप्पा गेले. झोपेत, काही त्रास न होता. आम्ही गावी गेलो. दहाव्याचं आटपल्यावर माणसं अंगणात बसली होती. तोच कंडक्टर डोळे पुसत सांगत होता, असा ड्रायव्हर परत होणं नाही, त्यांच्या गाडीत बाळंतीण झोपून जायची. मग म्हणाला, "येकच डाग लागला, त्योबी परदेशात."

"जाऊ द्या हो," हेमंत म्हणाला. "वय झालं होतं त्यांचं. मी त्यांना केव्हाच माफ केलं."

माणसं गेल्यावर आम्ही दोघंच पायरीवर राहिलो. तिथं मी त्याला सांगितलं. काही न सजवता, धुरळा, डावा दिवा, 'तुम्ही शांत बसा', पोलिसाची गाडी, सगळं. सांगून झालं तेव्हा अंगणात अंधार पडायला लागला होता.

"दर रविवारी फोन करत होतो मी त्यांना," तो म्हणाला. "सहा वर्षं. कधीच नाही बोलले."

"नाही बोलले."

"आणि मी त्यांना माफ केलं म्हणून सांगत फिरलो." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांआडून त्याचा आवाज आला. "संजू, आता मी कुणाची माफी मागू?"

"माफी मागणाऱ्यांत आधी माझा नंबर आहे," मी म्हणाले.